टाइप-२ रेडिओ स्फोटावरून सौर आघात तरंगाचा वेग कसा काढायचा

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की बाहेर फेकलेलं द्रव्य प्रभामंडळातून, म्हणजे सूर्याच्या विरळ बाहेरच्या वातावरणातून, वर सरकतं. त्याचा वेग तिथल्या आल्फव्हेन वेगापेक्षा (चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मात लहरी ज्या वेगानं पसरतात त्यापेक्षा) जास्त असला, तर त्याच्यापुढे आघात तरंग उभा राहतो. हा तरंग इलेक्ट्रॉनांना प्रवेग देतो, ते इलेक्ट्रॉन भोवतालच्या प्लाझ्मात कंपनं उठवतात आणि त्या कंपनांतली थोडी ऊर्जा रेडिओ लहरींच्या रूपात बाहेर पडते. लहरीची वारंवारता त्या जागच्या इलेक्ट्रॉन घनतेवर ठरते. तरंग जसजसा वर चढतो तसतशी घनता घटते आणि वारंवारता उतरत जाते. अशा हळू उतरत जाणाऱ्या रेडिओ स्फोटाला टाइप-२ म्हणतात. वारंवारता किती वेळात किती उतरली हे मोजलं की तरंगाचा वेग काढता येतो.

गणित दहावीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. चुका होतात त्या पट्टा (चित्रात दिसणारी स्फोटाची उतरती रेघ) ओळखण्यात आणि घनतेचं प्रारूप निवडण्यात, म्हणून पुढे त्या दोन टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

साहित्य

स्वतःचा अँटेना नसला तरी चालतो. ई-कॅलिस्टो या जगभरच्या जाळ्यातल्या केंद्रांचा डेटा मोफत मिळतो. भारतात उटी आणि कर्नाटकातलं गौरीबिदनूर इथे अशी केंद्रं आहेत. कॅलिस्टो हा झुरिकच्या ईटीएच संस्थेत ख्रिश्चन मोनस्टाइन यांनी विकसित केलेला स्वस्त रिसीव्हर. तो ४५ ते ८७० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही लावता येतो. नेहमीच्या मांडणीत तो २०० वारंवारता सेकंदाला चार वेळा चाळतो. ४५ मेगाहर्ट्झच्या खाली उतरण्यासाठी काही केंद्रं पुढे हेटेरोडाइन कन्व्हर्टर (वारंवारता वर सरकवणारं उपकरण) जोडतात. टाइप-२ साठी अशा केंद्राचा डेटा मिळाला तर सोडू नका.

एक फाइल १५ मिनिटांची असते आणि ती जी-झिप केलेल्या फिट्स या खगोलशास्त्रातल्या डेटा-स्वरूपात येते. नावात केंद्र, तारीख, सुरुवातीची वेळ आणि शेवटी रिसीव्हरचा दोन आकडी क्रमांक असतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. सकाळी ११ वाजताचा स्फोट ०५:३० च्या फाइलमध्ये सापडेल. टाइप-२ पाच ते पंधरा मिनिटं चालू शकतो, म्हणून पुढची फाइलही उतरवून ठेवा. स्फोटाचा शेवट बऱ्याचदा तिच्यातच असतो.

कुठला दिवस निवडायचा हे ठरवण्यासाठी ई-कॅलिस्टोची महिनावार स्फोटयादी पाहा. तिच्यात वेळ, प्रकार आणि केंद्रांची नावं दिलेली असतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेचं अवकाश हवामान केंद्रही टाइप-२ दिसला की सूचना काढतं आणि तिच्यात अंदाजी वेग देतं. तो आकडा आपलं गणित होईपर्यंत पाहू नका. आधी पाहिला की मोजणी नकळत त्याच्याकडे झुकते.

चित्र काढणं आणि साफ करणं

वेळ आडव्या अक्षावर, वारंवारता उभ्या अक्षावर आणि तीव्रता रंगात, असं चित्र काढायचं आहे. पायथनमध्ये अ‍ॅस्ट्रोपाय, नम्पाय आणि मॅटप्लॉटलिब एवढं पुरेसं आहे. अ‍ॅस्ट्रोपाय जी-झिप फाइल थेट उघडतं. पहिल्या भागात २०० ओळी आणि ३६०० स्तंभांचा तक्ता असतो, दुसऱ्या भागात वेळ आणि वारंवारता यांच्या याद्या. तक्त्यातले आकडे ० ते २५५ असतात. ते २५०० ने गुणून २५५ ने आणि मग २५.४ ने भागले की डेसिबेल मिळतात. एक एकक म्हणजे साधारण ०.३९ डेसिबेल.

मग प्रत्येक वारंवारतेच्या ओळीचा मध्यक काढून त्या ओळीतून वजा करा. सरासरी वापरू नका. स्फोट जोरदार असला तर सरासरी वर ओढली जाते, आणि वजाबाकीनंतर स्फोटाच्या अलीकडे-पलीकडे काळी सावली उरते. स्फोटानं अर्ध्याहून जास्त फाइल व्यापली असेल तर मध्यकही फसतो. अशा वेळी स्फोटाआधीच्या शांत दोन मिनिटांचा मध्यक घ्या. रंगमोजणीची मर्यादा शून्यापासून सुमारे १० डेसिबेलपर्यंत ठेवून सुरुवात करा आणि पट्टा उठून दिसेपर्यंत बदलत राहा.

इथे एक खोच आहे. केंद्राचे लोक गोंगाट असलेल्या वारंवारता गाळून यादी बनवतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर सारखं नसतं. साध्या प्रतिमेसारखं चित्र काढून अक्षावर फक्त पहिला आणि शेवटचा आकडा लिहिला, तर मधली प्रत्येक वारंवारता चुकीची वाचली जाते. प्रत्येक ओळीला तिची खरी वारंवारता देणारी, चौकटीवार रंग भरणारी पद्धत वापरा. शिवाय बहुतेक फायलींत पहिली ओळ सर्वांत वरच्या वारंवारतेची असते. अक्ष उलटा लागला तर उतरणारा पट्टा चढताना दिसतो.

भारतात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा शहराजवळच्या केंद्रावर जवळजवळ वाया जातो. तिथल्या ओळी कोऱ्या करून टाका आणि पट्टा वर-खाली जिथे दिसतो तिथेच मोजा. आजूबाजूच्या ओळींवरून मधली जागा भरण्याच्या फंदात पडू नका. ते मोजमाप राहत नाही.

हा खरोखर टाइप-२ आहे का?

टाइप-२ हळू उतरतो: मीटर लहरींच्या टप्प्यात सेकंदाला साधारण ०.१ ते १ मेगाहर्ट्झ. टाइप-३ आघात तरंगाचा नसून प्रकाशाच्या वेगाच्या दशांश ते एकतृतीयांश वेगानं सुटलेल्या इलेक्ट्रॉन झोताचा असतो. तो ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर दोन-चार सेकंदांत उतरतो, म्हणून चित्रात जवळजवळ उभी रेघ दिसते. हेच अंतर कापायला टाइप-२ ला काही मिनिटं लागतात. मोठ्या उद्रेकात आधी टाइप-३ चा घोळका, मग काही मिनिटांनी टाइप-२ आणि त्याच्या मागून रुंद पसरलेला टाइप-४ असा क्रम पुष्कळदा दिसतो. १, २, ३ ही वर्गवारी ऑस्ट्रेलियातल्या वाइल्ड आणि मॅकक्रेडी यांनी १९५० मध्ये केली.

फसवणूक करणारे बरेच असतात. वीज चमकली की सगळ्या वारंवारतांवर एका क्षणाची उभी रेघ येते. पावसाळ्यात भारतीय केंद्रांवर हे रोजचंच. आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात) तात्पुरता दाट थर तयार झाला की शेकडो किलोमीटरवरची प्रक्षेपणं उगवतात, पण ती आडव्या रेघा असतात, उतरत नाहीत. एकापाठोपाठ आलेले अनेक टाइप-३, वेळेचा अक्ष दाबून पाहिला तर, तिरक्या पट्ट्यासारखे भासतात. चित्र ताणून दोन मिनिटांच्या खिडकीत पाहिलं की उलगडा होतो. उलटंही घडतं. खऱ्या टाइप-२ च्या पट्ट्यातून दोन्ही बाजूंना बारीक वेगवान रेषा फुटलेल्या असतात, त्यांना हेरिंगबोन म्हणतात. त्या आघात तरंगानं बाहेर फेकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आहेत. त्यांच्यावरून तरंगाचा वेग मोजायचा नाही.

सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे दुसरं केंद्र. त्याच वेळी जिथे सूर्य क्षितिजाच्या वर आहे असं, हजारो किलोमीटर दूरचं केंद्र उघडा. तोच आकार तिथे दिसला तर स्रोत सूर्य. एकाच केंद्रावर दिसला, किंवा जिथे मध्यरात्र आहे तिथेही दिसला, तर तो स्फोट बाजूला ठेवा. याच तुलनेत एखाद्या केंद्राचं घड्याळ चुकीचं असलं तर तेही उघड होतं: आकार जुळतो, वेळ सरकलेली असते. वेगाच्या गणिताला घड्याळाची ही चूक बाधत नाही, कारण आपल्याला वेळेतला फरक लागतो. पण क्ष-किरण ज्वालेच्या वेळेशी तुलना करायची असेल तर ती आधी दुरुस्त करावी लागेल.

मूळ पट्टा कुठला, दुप्पट कुठला

प्लाझ्मा स्वतःच्या वारंवारतेवर रेडिओ लहरी सोडतो आणि तिच्या दुपटीवरही. त्यामुळे आदर्श टाइप-२ मध्ये एकाच वेळी दोन समांतर पट्टे उतरताना दिसतात. खालचा मूळ, वरचा हार्मोनिक. गणितात मूळ पट्ट्याची वारंवारता लागते. फक्त हार्मोनिक दिसत असेल तर तिची निम्मी घ्यायची.

ओळखायची पद्धत अशी. खालच्या पट्ट्यावर सात-आठ बिंदू टिपा, त्यांची वारंवारता दुप्पट करा आणि ते बिंदू त्याच चित्रावर ठेवा. वरच्या पट्ट्यावर बसले तर जोडी जमली. गुणोत्तर अगदी २ येणार नाही, १.८ ते २ च्या दरम्यान येतं. ते १.२ च्या आसपास आलं, तर तुम्ही मूळ आणि हार्मोनिक पाहत नसून एकाच पट्ट्याच्या दोन फाका पाहत आहात. त्यांच्याकडे नंतर येऊ.

एकच पट्टा दिसतो तेव्हा खरी अडचण येते. मूळ पट्टा रिसीव्हरच्या खालच्या मर्यादेखाली असू शकतो. उद्रेक सूर्याच्या कडेला झाला असेल तर मूळ पट्टा आपल्यापर्यंत नीट पोचत नाही, कारण तो अरुंद दिशेत फेकला जातो. मूळ पट्टा १५० मेगाहर्ट्झच्या वर सुरू होणं विरळ आहे. त्यामुळे एकुलता पट्टा २०० च्या वर सुरू होत असेल तर तो हार्मोनिक धरावा. मधल्या टप्प्यात असेल तर दोन्ही पद्धतींनी वेग काढा आणि दोन्ही लिहा. पुढच्या उदाहरणात दिसेल की ही चूक किती महागात पडते.

गणित

प्लाझ्मा वारंवारता किलोहर्ट्झमध्ये म्हणजे इलेक्ट्रॉन घनतेच्या वर्गमुळाच्या सुमारे नऊ पट, घनता दर घन सेंटिमीटरला. घनता सूर्यापासून किती उंचीवर किती असते यासाठी न्यूकर्कचं प्रारूप सर्वांत जास्त वापरात आहे: सूर्यकेंद्रापासूनचं अंतर सूर्यत्रिज्यांमध्ये ‘अ’ मानलं, तर घनता = ४२,००० × १० चा (४.३२ ÷ अ) वा घात. दोन्ही सूत्रं एकत्र करून उलटी मांडली की हाती येतं ते एवढंच:

अ = २.१६ ÷ लॉग (वारंवारता ÷ १.८४)

वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये, लॉग दहाच्या पायाचा. हे सूत्र २० मेगाहर्ट्झच्या वर वापरा. त्याच्या खाली ते उंची फुगवू लागतं आणि १.८४ शी पोचता पोचता अनंताकडे पळतं. अवकाशयानांवरच्या कमी वारंवारतांसाठी लेब्लांक, डल्क आणि बूझरे यांचं १९९८ चं प्रारूप घ्यावं.

समजा मूळ पट्टा शून्याव्या सेकंदाला ८० मेगाहर्ट्झवर, ११० व्या सेकंदाला ६० वर आणि ३०० व्या सेकंदाला ४० वर आहे. सूत्रातून अंतरं येतात १.३१८, १.४२७ आणि १.६१५ सूर्यत्रिज्या. सूर्यत्रिज्या ६,९६,००० किमी धरली तर पहिल्या टप्प्यात तरंग सुमारे ७५,८०० किमी चढला आणि दुसऱ्यात १,३०,८०० किमी. दोन्ही टप्प्यांत वेग सेकंदाला सुमारे ६८९ किमी येतो. उदाहरण मुद्दाम नेटकं घेतलं आहे. खऱ्या स्फोटात टप्प्याटप्प्याचा वेग दहा-वीस टक्क्यांनी हलतो.

दोनच बिंदूंवर काम भागवू नका. निदान सहा बिंदू घ्या, प्रत्येकाचं अंतर काढा, वेळेसमोर मांडा आणि सरळ रेषा बसवा. रेषेचा उतार म्हणजे वेग. बिंदू रेषेपासून एकाच बाजूला वाकत गेले तर तरंग मंदावतो आहे किंवा प्रारूप चुकीचं आहे. एखादाच बिंदू दूर पडला तर तो बहुधा एफएमच्या गोंगाटातून वाचलेला असतो.

आता चुका आकड्यांत पाहू. वेळ वाचण्यात पाच सेकंदांचा फरक पडला तर ३०० सेकंदांत तो दोन टक्क्यांहूनही कमी. वारंवारता मात्र जपून वाचा: शेवटचा बिंदू ४० ऐवजी ४२ वाचला तर वेग ६८९ वरून ६३० वर येतो. पट्टा स्वतःच काही मेगाहर्ट्झ रुंद असतो, म्हणून त्याची खालची कड वाचायची की मध्य, हे सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

पट्टा चुकीचा ओळखला तर? याच स्फोटाचा हार्मोनिक १६० वरून ८० वर उतरतो. त्यालाच मूळ समजून सूत्रात घातलं तर वेग ४७५ येतो, जवळजवळ एकतृतीयांश कमी.

प्रारूपाचा परिणामही तितकाच मोठा आहे. न्यूकर्कनं दिलेली घनता सरासरी आहे. सूर्यावरच्या सक्रिय डागांच्या वरचं प्रभामंडळ अधिक दाट असतं. म्हणून पुष्कळ अभ्यासक घनता दुप्पट धरतात. त्यासाठी सूत्रात १.८४ च्या जागी २.६० घाला. वर घेतलेल्या बिंदूंवरून मग वेग ८५४ येतो. स्फोट तोच, मोजणी तीच, आणि निष्कर्षात १६५ किमीचा फरक. म्हणून ‘वेग ६८९ किमी’ असं लिहिणं बरोबर नाही. ‘एकपट न्यूकर्क ६८९, दुप्पट न्यूकर्क ८५४’ असं लिहा. प्रारूप न सांगता दिलेला टाइप-२ चा वेग वाचणाऱ्याच्या काही उपयोगाचा नसतो.

या सगळ्यात तरंग सरळ वर चढतो असं गृहीत धरलं आहे. तो तिरका गेला तर त्याचा खरा वेग आपल्या आकड्यापेक्षा जास्त असतो. सोहो यानाच्या लॅस्को कॅमेऱ्यातून मिळालेला द्रव्य उत्सर्जनाचा वेग वेगळा आला तर लगेच आपलं गणित चुकलं असं समजू नका. लॅस्कोचा सी-२ कॅमेरा साधारण दोन सूर्यत्रिज्यांच्या पुढचं पाहतो आणि आपण १.३ ते १.६ मधलं मोजलं आहे. मधल्या काळात उत्सर्जन वेग घेतं किंवा गमावतं. शिवाय रेडिओ स्रोत तरंगाच्या पुढच्या टोकावर नसून बाजूच्या कुशीवरही असू शकतो. आदित्य-एल१ वरचं व्हीईएलसी हे उपकरण सूर्याच्या कडेपासून जवळजवळ तीन सूर्यत्रिज्यांपर्यंतचं प्रभामंडळ पाहण्यासाठीच बनवलेलं आहे. त्याची त्या वेळची प्रतिमा उपलब्ध असेल तर ती लॅस्कोपेक्षा जास्त उपयोगी.

फाटलेला पट्टा

कधी मूळ पट्टा, कधी हार्मोनिक, कधी दोन्ही दोन बारीक फाकांत विभागलेले दिसतात. प्रचलित स्पष्टीकरण असं की खालची फाक तरंगाच्या पुढच्या, अजून न दाबलेल्या प्लाझ्माची आणि वरची मागच्या दाबलेल्या प्लाझ्माची. या स्पष्टीकरणावर वाद आहे, पण ते मानलं तर आणखी माहिती फुकट मिळते. वरची वारंवारता ६६ आणि खालची ५५ असेल, तर गुणोत्तर १.२, त्याचा वर्ग १.४४, म्हणजे तरंगानं घनता १.४४ पट केली. या आकड्याला ‘क्ष’ म्हणा. तरंग चुंबकीय क्षेत्राला काटकोनात जातो आणि वायूचा दाब नगण्य आहे असं धरलं, तर आल्फव्हेन माख अंकाचा (तरंगाचा वेग ÷ आल्फव्हेन वेग) वर्ग = क्ष × (क्ष + ५) ÷ [२ × (४ − क्ष)]. इथे माख अंक १.३५ येतो. वेग ६८९ असेल तर तिथला आल्फव्हेन वेग सुमारे ५१० किमी. दोन्ही फाका एकाच क्षणी वाचल्या पाहिजेत. दहा सेकंदांचा घोळही गुणोत्तर बिघडवतो.

पट्टा फाटलेला असेल तर उंचीच्या गणितासाठी खालची फाक घ्या. घनतेचं प्रारूप शांत प्रभामंडळाचं आहे, दाबलेल्या प्लाझ्माचं नाही.

स्वतःचा रिसीव्हर लावायचा असेल तर

बाजारात मिळणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) एका वेळी जेमतेम अडीच मेगाहर्ट्झ पाहतो, त्यामुळे त्यावर उतरणारा पट्टा दिसणार नाही. दोन डोंगल दोन ठराविक वारंवारतांवर, समजा ५५ आणि ७० वर, लावून ठेवले तर त्यांच्यातला उशीर मोजता येतो. ८ मार्च १९४७ ला ऑस्ट्रेलियात रूबी पेन-स्कॉट, येब्स्ली आणि बोल्टन यांनी २००, १०० आणि ६० मेगाहर्ट्झवर एकच स्फोट मिनिटांच्या फरकानं नोंदवला होता, तो याच रीतीनं.

६२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा अर्धलहरी द्विध्रुव (डायपोल अँटेना) दोन्हींना पुरतो: प्रत्येक भुजा १.१५ मीटर, जमिनीपासून किंवा गच्चीवर अंथरलेल्या जाळीपासून सुमारे १.२ मीटर उंच. भुजा उत्तर-दक्षिण ठेवा. महाराष्ट्रातून सूर्य जवळजवळ डोक्यावरून पूर्व-पश्चिम जातो आणि द्विध्रुवाला आपल्या अक्षाच्या दिशेनं ऐकू येत नाही, म्हणून पूर्व-पश्चिम ठेवला तर सकाळ-संध्याकाळ वाया जाते. अँटेनाजवळ आधी एफएम रोधक फिल्टर, मग कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, मग केबल आणि विभाजक. फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लावला तर शहरातली एफएम केंद्रं अ‍ॅम्प्लिफायरलाच गुदमरवतात आणि नंतर काही गाळून उपयोग नसतो. डोंगलची आपोआप गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) बदलणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर स्फोट येताच गेन खाली जातो आणि नोंदीत स्फोट उरतच नाही.

शांत सूर्य या अँटेनावर दिसणार नाही. रेडिओ गोंगाट तापमानात मोजतात; ६२ मेगाहर्ट्झला आकाशगंगेचा गोंगाट तीन ते पाच हजार केल्विन असतो आणि शांत सूर्याची भर पडते पाच-सहा केल्विनची. १००० सौर फ्लक्स एककांचा (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ तीव्रतेचं एकक) स्फोट मात्र दहा-अकरा हजार केल्विन भर घालतो, म्हणजे पातळी पाच-सहा डेसिबेल चढते. त्याहून लहान स्फोट हवे असतील तर लॉग-पिरियॉडिक अँटेना (एका दिशेचं जास्त ऐकणारा, अनेक वारंवारतांचा अँटेना) आणि सूर्यामागे फिरवायची सोय लागेल.

दोन वारंवारतांच्या नोंदीत टाइप-२, टाइप-३ आणि स्थानिक गोंगाट खात्रीनं वेगळे ओळखता येत नाहीत, आणि मूळ की हार्मोनिक हे तर मुळीच नाही. प्रत्येक उशिराची नोंद त्याच वेळच्या ई-कॅलिस्टो चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावरून वेग काढू नका. आणि टाइप-२ दिसला म्हणून उत्सर्जन पृथ्वीकडेच येत आहे असं जाहीर करू नका. सूर्याच्या कडेवरून बाजूला गेलेल्या उद्रेकाचा स्फोटही तितकाच ठळक दिसतो.